परक्या ॲक्सलवर धावणाऱ्या गाड्या

युद्धानंतरच्या नागरी विलीज जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये क्राउन व्हीलला ४३ दाते असतात आणि टेल पिनियनला ८. भागाकार, म्हणजे रेशो, येतो ५.३८. दुसऱ्या महायुद्धातल्या एमबी जीपमध्ये हेच आकडे ३९ आणि ८ असे होते, म्हणजे ४.८८. ॲक्सलची बनावटही वेगळी होती. एमबीत पूर्ण तरंगता, फुल फ्लोटिंग ॲक्सल होता. चाकाचा भार हौसिंगवर आणि हाफ शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम. नंतरच्या सीजे जीपमध्ये टेपर शाफ्टचा सेमी फ्लोटिंग ॲक्सल आला आणि भार थेट शाफ्टवर पडू लागला. पण भंगाराच्या ढिगात दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी पडलेले असतात. तेलात काळवंडलेले असले की ते ओळखू येत नाहीत, आणि मग एका जीपचा शाफ्ट, दुसरीचा ड्रम आणि तिसरीचे क्राउन-पिनियन अशी जुळणी होऊन गाडी रस्त्याला लागते.

अशा जुळणीचा हिशेब शेवटी पनवेलजवळच्या तळोज्यासारख्या ठिकाणी चुकता होतो. इथल्या एमआयडीसीची ओळख हिंदाल्को, दीपक फर्टिलायझर्स अशा मोठ्या नावांची आणि रासायनिक कारखान्यांची असली, तरी त्यांच्या आजूबाजूला लहान शेडमध्ये लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची कामे चालतात. कळंबोलीचा लोखंड बाजार हाकेच्या अंतरावर. मुंब्रा-पनवेल रस्ता दारातून जातो आणि कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. मुंबईतली जुनी गाडी पुण्याच्या रॅलीला निघाली की तिच्या मागच्या ॲक्सलची खरी परीक्षा याच पट्ट्यात सुरू होते, आणि बोरघाटात तिचा निकाल लागतो.

परके भाग बसवावेत की नाही, या प्रश्नावर जुन्या गाड्यांच्या वर्तुळात दोन टोकाची मते ऐकू येतात. एका बाजूला, मूळ भागाखेरीज काहीही बसवणे म्हणजे गाडी बाटवणे. दुसऱ्या बाजूला, चाक फिरतेय ना, मग झाले. दोन्ही मते अपुरी आहेत. ॲक्सलमध्ये काही जागा अशा आहेत जिथे परका भाग बिनधास्त चालतो आणि काही जागा अशा की तिथे एका शतांश मिलिमीटरचाही फरक महागात पडतो. कोणती जागा कुठली, हे माहीत असणे हेच या कामातले खरे कसब आहे.

हा सरमिसळीचा वारसा कोणाच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. फोर्डने १९२६ साली भारतात कंपनी काढली आणि मुंबईत जुळणी सुरू केली. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत कारखाना उघडला. चाळीसच्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला घेतल्या आणि महिंद्रांनी विलीज जीप आणली. १९५३ च्या सुमारास केंद्राने स्पष्ट केले की नुसती जुळणी चालणार नाही, टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवावे लागतील. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला. शेवरोले किंवा फोर्ड व्ही-८ च्या मालकाकडे गाडी राहिली, पण सुट्या भागांचा काउंटर बंद झाला. बाहेरून भाग मागवायचे तर आयात परवाना हवा, आणि तो खासगी गाडीच्या क्राउन-पिनियनसाठी कोण देणार? मिस्त्रींनी जे मिळाले ते बसवले. आज एखाद्या १९३८ च्या गाडीखाली ॲम्बॅसडरचे बेअरिंग सापडले तर त्यामागे हा सगळा इतिहास आहे, आणि त्या अनाम मिस्त्रीच्या हुशारीनेच ती गाडी भट्टीत जाण्यापासून वाचलेली असते. ही गोष्ट मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी विसरू नये.

आता जिथे सरमिसळ अजिबात चालत नाही ती जागा. क्राउन व्हील आणि टेल पिनियन ही जोडी असते. कारखान्यात दोघांना एकमेकांवर फिरवून घासलेले असते, म्हणजे लॅप केलेले असते, आणि दोघांवर एकच जोड-क्रमांक कोरलेला असतो. दात्यांची संख्या जुळली म्हणून एका जोडीचे क्राउन आणि दुसऱ्या जोडीचे पिनियन एकत्र बसवले, तर ते फिरतील जरूर. पण दाता दात्यावर पूर्ण टेकणार नाही, टोकाशी किंवा कडेला टेकेल. सगळा भार त्या लहानशा पट्ट्यावर येईल, आवाज सुरू होईल आणि एक दिवस दाता उडेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुना माल घेताना जाणता मिस्त्री म्हणूनच भाव विचारण्याआधी चिंधीने तेल पुसतो आणि दोन्ही भागांवरचे आकडे वाचतो.

जीपमध्ये बसणाऱ्या डाना-स्पायसर ॲक्सलमध्ये पिनियनच्या डोक्यावर आणखी एक आकडा असतो, +२ किंवा −३ असा. तो इंचाच्या हजाराव्या भागात, मिस्त्रींच्या भाषेत थाऊमध्ये. हे पिनियन ठरलेल्या मापापेक्षा किती दूर किंवा जवळ बसले पाहिजे, ते त्यावरून कळते. समजा जुने पिनियन +२ होते आणि नवी जोडी −३ ची आली. तर आतल्या बेअरिंगच्या कपमागची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, ५ थाऊंनी वाढवावी लागते. हा हिशेब न करता जुनीच शिम परत टाकली, तर जोडी कितीही कोरी असो, ती ओरडणार.

शिम टाकून झाल्यावरही काम संपत नाही. दात्यांवर निळा किंवा पांढरा मार्किंगचा लेप पातळ लावायचा, क्राउनला हाताने थोडा अडसर द्यायचा आणि पिनियन फिरवायचे. लेप जिथून निघून जातो तिथे दात्याची खरी टेक दिसते. ती लांबट, दात्याच्या मध्यावर आणि जराशी आतल्या टोकाकडे झुकलेली हवी. ठसा दात्याच्या माथ्याकडे गेला असेल तर पिनियन क्राउनकडे आत ढकलायचे, दात्याच्या बुडाशी उतरला असेल तर बाहेर घ्यायचे. मग डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, पाहायचा. बहुतेक हलक्या गाड्यांना तो साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर लागतो. नेमके माप त्या गाडीच्या पुस्तिकेत असते आणि तेच पाळावे. या दोन तपासण्यांना एक पूर्ण दुपार जाते, कधी दोन. तळोज्यात किंवा कुठेही ॲक्सलचे काम देताना मालकाने बाकी काही नाही तरी एवढे करावे: हौसिंग बंद होण्याआधी स्वतः जाऊन तो ठसा पाहावा.

दात्यांची संख्या बदलायची असेल तर आणखी एक खाच आहे. जीपमध्ये प्रसिद्ध असलेल्या डाना ४४ ॲक्सलमध्ये ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना एक डिफरन्शियल केस लागते, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरी. रेशो उंचावला, म्हणजे आकडा खाली आला, की पिनियनचे डोके मोठे होते आणि क्राउन बसवायची जागा बाजूला सरकते. केस तीच ठेवून फक्त जोडी बदलली तर दाते एकमेकांना भेटतच नाहीत. ही गोष्ट माहीत नसल्याने उत्तम जोडी विकत घेऊन कपाटात ठेवायची वेळ येते.

त्याहून जुना भेद स्पायरल बेव्हल आणि हायपॉइड यांचा. स्पायरल बेव्हलमध्ये पिनियनचा आस क्राउनच्या बरोबर मध्यातून जातो. हायपॉइडमध्ये तो खाली उतरतो. पॅकार्डने विसाच्या दशकात हायपॉइड गाडीत आणले आणि त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली बसवता आला, गाडीची फरशीही खाली आली. हायपॉइडचे दाते एकमेकांवर घसरतात, म्हणून त्याला ईपी, म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, तेलच लागते. साधे तेल त्या दात्यांमध्ये टिकत नाही. उलट, फार जुन्या ॲक्सलमध्ये ब्राँझचे वॉशर आणि बुश असतात आणि काही तीव्र ईपी तेले पिवळ्या धातूला खातात. परकी जोडी घातली की तेलही बदलते, हे हौसिंगवर रंगाने लिहून ठेवण्यासारखे आहे.

परका भाग उत्तम चालू शकतो त्याचे उदाहरण मॉरिस घराण्यातले आहे. ॲम्बॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज-३. १९५७ पासून २०१४ पर्यंत ती उत्तरपाड्यात बनली. तिचा ॲक्सल बीएमसीच्या ज्या बी-सीरिज कुळातला, त्याच कुळातला एमजीए आणि सुरुवातीच्या एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांचा. जगभरातले एमजीएवाले ४.३ ची जोडी काढून एमजीबीची ३.९ ची बसवतात, म्हणजे महामार्गावर इंजिन शांत चालते. भारतातला एमजीवाला अडला की ॲम्बॅसडरच्या दुकानात जातो, ते उगीच नाही. पण इथेही एक फसगत आहे. सुरुवातीच्या एमजीएच्या हाफ शाफ्टला १० जाड स्प्लाइन होत्या, नंतर बारीक २५ आल्या. गोळा, म्हणजे डिफरन्शियलचा संच, बसतो, पण शाफ्ट शिरत नाही. त्यामुळे डिफरन्शियलमधल्या सन पिनियनसकट विचार करावा लागतो, किंवा शाफ्ट बदलावे लागतात.

हाफ शाफ्टच्या बाबतीत दुसरी चूक लांबीची. जुन्या विलीजचा डिफरन्शियल मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. त्यामुळे डावा शाफ्ट लांब आणि उजवा आखूड. टेपर शाफ्टच्या डाना ॲक्सलमध्ये दोन शाफ्टच्या मध्ये एक छोटा थ्रस्ट ब्लॉक असतो आणि शाफ्टचा आडवा प्ले बॅकिंग प्लेटमागच्या शिमने ठरतो. तुकड्यातुकड्याने जुळवलेल्या ॲक्सलमध्ये हा ब्लॉक हरवलेला आढळतो. मग वळणावर चाक आत-बाहेर सरकते, ऑइल सील फाटते आणि तेल ब्रेकवर उतरते.

टेपरवर बसणारे ड्रम हा स्वतंत्र विषय आहे. चावी, म्हणजे की, चाक फिरवते असा समज असतो. खरे तर पकड टेपरची असते, की फक्त जागा धरते. दुसऱ्या गाडीचा ड्रम बसवताना टेपरला निळा लेप लावून दोन्ही पृष्ठभाग पूर्ण टेकतात का, हे बघायलाच हवे. अर्धवट टेकलेला ड्रम आधी की कापतो, मग शाफ्ट. आणि सेमी फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकते. एमबीच्या फुल फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. जीपच्या मालकांनी हा फरक लक्षात घेऊनच ॲक्सल निवडावा.

कुर्ल्यात जोडलेल्या डॉज, प्लिमथ आणि महिंद्रांची विलीज जीप यांच्यात एक समान खोड होती: डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. इतर गाडीचा ड्रम डावीकडे आला की एकाच गाडीवर सुलटे आणि उलटे आटे असे दोन प्रकार होतात. पंक्चर काढणारा पोरगा नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि स्टड मोडतो. यावर उपाय सोपा आहे. जो ड्रम ज्या आट्याचा, त्यावर ठळक खूण करावी.

सगळ्यात मोठा धोका मात्र दात्यांत नसून जोराच्या वाटेत असतो. चाक रस्त्याला मागे ढकलते आणि तो जोर कुठून तरी गाडीला पुढे ढकलतो. ॲम्बॅसडर, फियाट, जीप यांत तो कमानीच्या पाट्यांतून जातो. १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये आणि १९५४ पर्यंतच्या शेवरोलेत तो टॉर्क ट्यूबमधून, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टभोवतीच्या जाड नळीतून जात असे. फोर्डची मागची कमान तर आडवी. तिच्याखाली ॲम्बॅसडरचा उघड्या शाफ्टचा ॲक्सल घातला आणि ट्यूब काढून टाकली, तर ॲक्सल जागेवर धरायला काही राहत नाही. अशी गाडी सपाटीवर चालते, ब्रेक मारला की मागून वळवळते. इथे नुसते ब्रॅकेट वेल्ड करून भागत नाही. ॲक्सल धरणारे दांडे, त्यांचे कोन, युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसचे कोन, सगळे नव्याने मांडावे लागते. शिवाय ॲक्सलच्या नळीवर कमानीची गादी वेल्ड करताना नळी वाकते. डोळ्याला दिसत नाही इतकी, पण बेअरिंग तेवढ्याने संपते. वेल्डिंगनंतर नळी सरळ आहे का, हे लेथवर किंवा मापन टेबलवर तपासायची सोय तळोज्याच्या शेडमध्ये सहज मिळते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ती नसते.

फोर्ड मॉडेल-टी चा इशारा तर प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने ऐकावा. १९०८ ते १९२७ पर्यंत बनलेल्या या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समध्ये लागतो. तो जोर मागच्या ॲक्सलमधूनच चाकांपर्यंत जातो. आणि त्या ॲक्सलमधले थ्रस्ट वॉशर मुळात बॅबिटचे, मऊ. ते वयाने फुटले की क्राउन सरकतो, दाते सुटतात आणि चढण्याचा जोरही जातो, ब्रेकही जातो. म्हणून जाणते मालक ते काढून ब्राँझचे घालतात. इथे परका धातूच मूळ धातूपेक्षा सुरक्षित आहे.

ब्रेकबद्दल थोडक्यात. मागचा ॲक्सल दुसऱ्या, जड गाडीचा आला की त्याचे ड्रम आणि व्हील सिलिंडरही मोठे येतात. मग मागचे ब्रेक पुढच्यापेक्षा आधी लागतात आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकतात. कोकणातल्या पावसात याचा अर्थ गाडी फिरणे. पुढच्या-मागच्या सिलिंडरचे माप बरोबर ठेवल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणूच नये.

रेशो बदलला की काय होते, ते आकड्यांतच बघू. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेरे मारते. ५.३८ वर इंजिन २,४५० च्या आसपास फिरते, ४.८८ वर २,२२०. द्रुतगती मार्गावर हा फरक कानाला कळतो आणि पेट्रोललाही. पण खंडाळ्याच्या चढावर हेच उलटे होते. भरलेली जीप ५.३८ वर जिथे तिसऱ्यात चढते, तिथे ४.८८ वर दुसरा टाकावा लागतो, आणि उतरताना इंजिनचा आधारही कमी मिळतो. जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणाऱ्यांनी हा रेशो बदलणे रास्त आहे, कारण डिझेल तेवढ्या वेगाने फिरत नाही. मात्र फोर-व्हील जीपमध्ये मागचा रेशो बदलला तर पुढचाही बदललाच पाहिजे. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असताना डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकले, तर दोन्ही ॲक्सल दहा टक्क्यांच्या फरकाने एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस फुटते. स्पीडोमीटरही खोटे बोलतो, कारण त्याची केबल ॲक्सलच्या अलीकडून निघते. वरच्याच बदलात काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ ने चाललेली असते.

नवा हाफ शाफ्ट बनवून घेणे तळोज्यात अवघड नाही. ईएन-२४ सारखे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, स्प्लाइन हॉबिंग, मग उष्णता प्रक्रिया, हा सरळ मार्ग आहे. चूक होते ती नमुन्यात. झिजलेला शाफ्ट दिला तर झिजेचीच नक्कल मिळते. कित्येक जुने शाफ्ट पिळलेले असतात. शाफ्टवर खडूने टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ ओढली आणि स्प्लाइनच्या खाचा तिच्या बाजूने तिरक्या जाताना दिसल्या, तर तो शाफ्ट नमुना म्हणून बाद. माप घ्यायचे ते सन पिनियनच्या आतल्या स्प्लाइनवरून आणि न झिजलेल्या भागावरून. क्राउन-पिनियन मात्र साध्या मिलिंगवर कापता येत नाही. त्याला स्पायरल बेव्हल कापणारी खास यंत्रे, केस हार्डनिंग आणि शेवटी लॅपिंग लागते. एका गाडीसाठी हा खर्च फार. चार-पाच मालकांनी एकत्र येऊन एकच तुकडी करून घेतली तरच परवडतो, आणि जुन्या गाड्यांच्या क्लबांनी हे काम अंगावर घ्यायला हवे.

कायद्याच्या अंगाने ॲक्सलचा बदल फारसा अडत नाही. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला ५,०००, आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे. मूळ रूप बिघडवणारा मोठा फेरफार म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनातला बदल, असे हे नियम सांगतात. ॲक्सलचे नाव त्यात नाही. पण नियमात नाही म्हणून नोंद ठेवायची नाही, असे होऊ नये. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, २०१२ साली तुरीन सनद मंजूर केली. बदललेले भाग कायमच्या खुणेने ओळखता यावेत, हा तिचा एक आग्रह आहे. हौसिंगच्या कडेवर पंचाने ठोकलेले वर्ष आणि दात्यांची संख्या, एवढेसुद्धा पुढच्या मिस्त्रीचा एक आठवडा वाचवते.

सध्या या कामाला एक अनपेक्षित संधीही आलेली आहे. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्या आधी हजारो पद्मिनी टॅक्सी भंगारात गेल्या होत्या, आणि त्यांचे फियाट कुळाचे ॲक्सल अजून भंगाराच्या दुकानांतून दिसतात. जुनी 'डुक्कर' फियाट किंवा १९६४ ची फियाट डिलाइट राखणाऱ्यांसाठी हा माल शेवटचा आहे, नवा येणार नाही. तो घेताना नुसता गोळा काढून घेऊ नये. ब्रेक ड्रमसकट, यू-बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजसकट अखंड ॲक्सल घ्यावा, चाकापासून चाकापर्यंतचे माप आपल्या गाडीशी ताडून पाहावे, पिनियन हाताने फिरवून दाते मोजावेत आणि जोड-क्रमांक लिहून घ्यावा. हौसिंगमधले जुने तेल चिंधीवर ओतून त्यात चुंबक फिरवला की कळते: बारीक राखाडी पूड आली तर ती नेहमीची झीज, चकचकीत कपचे आले तर तो ॲक्सल तिथेच सोडून द्यावा.